टर्बो डिझेल इंजिनातील कार्बन रसायनाने काढताना: कुठे भिजवावे, कुठे फवारावे आणि कुठे थांबावे

कार्बन काढण्यासाठी मिळणाऱ्या कोणत्याही डब्यातील रसायन प्रत्यक्षात कार्बन विरघळवत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली तर पुढचे बहुतेक गैरसमज टळतात. काजळीचा कण टोल्युईन, अ‍ॅसिटोन किंवा रॉकेल यांपैकी कशातच विरघळत नाही. विरघळतो तो त्या कणांना एकमेकांशी आणि धातूशी धरून ठेवणारा तेलकट, राळेसारखा चिकटा. चिकटा सैल झाला की कार्बन सुटतो आणि सुटलेला कार्बन कुठेतरी जातोच: एकतर तुमच्या हातातल्या फडक्यावर येतो, नाहीतर सिलिंडरमधून टर्बोच्या पात्यांवर आणि तिथून धुराच्या नळीत जातो. त्यामुळे कोणते रसायन वापरावे यापेक्षा सुटलेला कार्बन कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुढील प्रत्येक पायरीवर तोच विचारायचा आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वाधिक ओळखीचे असलेले १२४८ घन सेंमीचे १.३ मल्टिजेट इंजिन डोळ्यांसमोर ठेवले आहे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे, आणि स्विफ्ट, डिझायर, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मान्झा अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसवले गेल्यामुळे त्याला गमतीने राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हटले जाई. अशा हजारो गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे वय कार्बन साचण्याचेच आहे. अन्य कॉमन रेल इंजिनांत (एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या) भागांच्या जागा बदलतात, तत्त्व बदलत नाही.

कार्बन तीन प्रकारचा असतो

घरातल्या वस्तूंवरून हे प्रकार चटकन ओळखता येतात. कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी, कढईच्या पाठीला बसते ते कीट आणि भात करपल्यावर पातेल्याच्या तळाशी राहते ती खरपुडी. इंजिनातही हेच तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

कोरडी काजळी धुराच्या बाजूला, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोचे टर्बाइन आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांत सापडते. तिला रसायनापेक्षा उष्णतेची गरज असते, कारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला ती जळून जाते. कीट साचते ते हवेच्या बाजूला. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, सोडतो आणि त्या वायूबरोबर काजळी येते. दुसरीकडून क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून तेलाची वाफ टर्बोच्या तोंडाशी येते आणि इंटरकूलरमधून (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) पुढे सरकते. काजळी आणि तेल यांची गाठ जिथे पडते तिथून पुढे, म्हणजे ईजीआरच्या जोडापासून इनटेक व्हॉल्व्हपर्यंत, काळ्या डांबरासारखा थर बसत जातो. रसायन खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते याच थरावर. खरपुडी मात्र इंजेक्टरच्या टोकावर, व्हॉल्व्हच्या दांड्यावर, पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत आणि व्हेरिएबल टर्बोच्या हलत्या पात्यांभोवती भाजून घट्ट बसलेली असते. तिच्यावर रसायन अर्धवटच चालते. तासन्‌तास भिजवून आणि घासूनही काही भाग तसाच राहतो, आणि एका फवाऱ्यात सगळे स्वच्छ करण्याचे आश्वासन देणारा मनुष्य तुम्हाला या तिसऱ्या प्रकाराबद्दल काही सांगत नाही.

आधी निदान

पिकअप गेला, चढावर गाडी दम सोडते, काळा धूर येतो, मायलेज घसरले, चेक इंजिनचा दिवा लागला, ही लक्षणे कार्बनची असू शकतात. पण इतर अर्धा डझन कारणांचीही तीच असतात. माझ्या स्वतःच्या गाडीचे सव्वा लाख किलोमीटर झाले असताना एका गॅरेजमध्ये मी मोठ्या विश्वासाने डीकार्ब, म्हणजे कार्बन काढण्याचे काम, करून घेतले, बरेच पैसे मोजले आणि आठवड्यात पुन्हा तोच काळा धूर पाहिला. इंटरकूलरच्या रबरी होजला खालच्या अंगाला बोटभर चीर पडली होती. टर्बो हवा भरत होता आणि ती वाटेतच निसटत होती. ती होज बदलल्यावर गाडी सुधारली. कार्बन काढलेला वाया गेला असे नाही, पण दोष त्याचा नव्हता.

म्हणून डबा विकत घेण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. एअर फिल्टर काढून उजेडात धरावा. टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग; पुढे नुसते मॅनिफोल्ड म्हटले की तेच) सर्व होज हाताने दाबून, वळवून आणि क्लिपांजवळ तेलाचे ओघळ आहेत का ते पाहून तपासाव्यात. धुराचा रंग नीट पाहावा: काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी, निळा म्हणजे तेल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा कूलंट. निळ्या आणि पांढऱ्या धुरावर कार्बन क्लीनर हा उपाय नाही. इंजेक्टरची शंका असेल तर फिटरकडून लीक-बॅक चाचणी (इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजण्याची) करून घ्यावी, कारण झिजलेला इंजेक्टर कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

गाडीच्या संगणकातले दोष वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला लावायचे साधे ब्लूटूथ यंत्र आणि मोबाईलवरचे अ‍ॅप एवढ्यावर बरेच कळते. पी ०२९९ हा कोड टर्बोचा दाब कमी पडतो असे सांगतो, पी ०२३४ दाब जास्त झाल्याचे, पी ०४०१ ईजीआरमधून प्रवाह कमी असल्याचे आणि पी ०४०२ तो जास्त असल्याचे. कोडपेक्षा चालू आकडे अधिक बोलके असतात. १२४८ घन सेंमीच्या इंजिनात एका सिलिंडरची जागा ३१२ घन सेंमी. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या हवेचे वजन लिटरला साधारण १.१६ ग्रॅम असते आणि पुण्याच्या उंचीवर ते सुमारे १.०९ भरते. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तर पुण्यात ३४० मिलिग्रॅम हवा आत जाईल. प्रत्यक्षात तो ८० ते ९० टक्केच भरतो, तेव्हा ईजीआर बंद असताना आयडलिंगला एका स्ट्रोकमागे पावणेतीनशे ते तीनशेच्या आसपास मिलिग्रॅम हवा दिसायला हवी. ईजीआर उघडल्यावर हा आकडा ठळकपणे खाली येतो. व्हॉल्व्हला बंद होण्याची आज्ञा असूनही तो खालीच राहिला, तर एकतर व्हॉल्व्ह कार्बनमुळे अर्धवट उघडा अडकला आहे किंवा एअर फ्लो सेन्सर खोटे बोलतो आहे. काही अ‍ॅप हा आकडा सेकंदाला ग्रॅम असा दाखवतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला जितके फेरे, त्याच्या दुप्पट स्ट्रोक हवा घेतात, या हिशेबाने तो बदलून घ्यावा.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी सोडवून टॉर्चने आत पाहणे. थर नखाने उचलता येईल इतका पातळ आहे, की नळीचे तोंड एक तृतीयांशाने अरुंद झाले आहे, यावर पुढचा मार्ग ठरतो. पातळ थरावर फवारा चालेल. जाड थर दिसला तर मॅनिफोल्ड काढण्याशिवाय पर्याय नाही, कारण तेवढा कार्बन सिलिंडरमधून आणि टर्बोमधून जाऊ देणे धोक्याचे आहे.

कोणते रसायन कशासाठी

कार्बुरेटर क्लीनर किंवा ईजीआर क्लीनर या नावाने मिळणारे फवारे कीटावर जलद काम करतात, परंतु रबरी ओ-रिंग, प्लॅस्टिक आणि रंग यांवरही काम करतात. रॉकेल किंवा डिझेल हळू चालते. मात्र रात्रभर भिजवण्यासाठी स्वस्त आणि पुष्कळ सौम्य आहे. अ‍ॅल्युमिनियमला सुरक्षित असा उल्लेख असलेले पाण्यात मिसळायचे अल्कधर्मी डीग्रीझर हे मॅनिफोल्डसाठी मला सर्वांत समाधानकारक वाटते. कॉस्टिक सोडा आणि तो असलेले ओव्हन किंवा नाली साफ करण्याचे पदार्थ मात्र कटाक्षाने टाळावेत. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, आणि ईजीआरची बॉडी, थ्रॉटल बॉडी व पुष्कळ मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर तापलेल्या धातूवर मारल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून तोही इथे नको.

पेट्रोलने भाग धुण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, तर रॉकेलला निदान ३५ अंश लागतात. म्हणजे मे महिन्यात विदर्भात सावलीतले रॉकेलही निर्धास्तपणे वापरता येत नाही. काम मोकळ्या हवेत करावे, इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये मुळीच करू नये. नायट्रिल हातमोजे आणि चष्मा घालावा आणि जवळ अग्निशामक ठेवावा.

ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ करणे

इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण केबल काढलेली असावी. व्हॉल्व्हला कूलर जोडलेला असेल तर कूलंटच्या नळ्या सुटणार का, हे आधी पाहावे. सुटणार असतील तर खाली ट्रे ठेवून कूलंट काढून घ्यावे. बोल्ट उष्णतेने धरलेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंजनाशक तेल सोडून ठेवावे आणि नेमक्या मापाचा सॉकेटच वापरावा. जबरदस्तीने मोडलेला एक बोल्ट संपूर्ण कामापेक्षा महाग पडतो.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर त्याची मोटर किंवा विजेचा भाग नेहमी वरच्या बाजूला राहील असा धरावा, म्हणजे रसायन आणि सुटलेला काळा रस मोटरकडे वाहत जाणार नाही. सबंध व्हॉल्व्ह रसायनात बुडवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आधी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातीने जाड थर कोरडाच खरवडून काढावा. रसायन जितके कमी लागेल तितके बरे. त्यानंतर फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे, फडक्याने पुसावे आणि थर जाईपर्यंत हाच क्रम तीन-चार वेळा करावा. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवू नये, कारण तिथे ओरखडा पडला की बंद अवस्थेतही वायू झिरपतो. व्हॉल्व्हची दांडी बोटाने हळुवार दाबून ती विनाअडथळा जाते व स्प्रिंगने परत येते का, ते पाहावे. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हला गिअर असतात, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर घालून ओढाताण करू नये.

बसवताना गॅसकेट नवीनच घालावे. जुने गॅसकेट वाचवण्याच्या नादात गरम वायूची गळती सुरू झाली तर पुन्हा सगळे उघडावे लागते. कित्येक गाड्यांत साफ झालेल्या व्हॉल्व्हची बंद स्थिती कंट्रोल युनिटला नव्याने शिकवावी लागते आणि त्यासाठी स्कॅनर लागतो. ते केले नाही तर आयडलिंग खडबडीत राहते आणि केलेल्या कामाला विनाकारण दोष दिला जातो.

मॅनिफोल्ड: वेळ इथे घालवावा

एवढे सर्व सोडवलेच आहे तर मॅनिफोल्डही काढावे, असे माझे मत आहे. ते काढण्यात अर्धा दिवस जातो. पण पूर्ण मोकळा झालेला हवेचा मार्ग आणि सुटलेला सगळा कार्बन बाहेर बादलीत, एवढे समाधान दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत मिळत नाही. मॅनिफोल्ड उतरताच हेडमधील उघडी तोंडे स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने बंद करावीत. तिथे पडलेला एक नट किती नुकसान करील, हे वेगळे सांगायला नको.

मॅनिफोल्डवरचे सर्व सेन्सर, सील आणि असल्यास स्वर्ल फ्लॅपची (आत जाणाऱ्या हवेला भोवरा देणाऱ्या झडपांची) मोटर काढून ठेवावी. प्रथम कोरडे खरवडावे, नंतर रॉकेलमध्ये काही तास किंवा रात्रभर बुडवून ठेवावे आणि शेवटी डीग्रीझर घातलेल्या गरम पाण्याने बाटली धुण्याच्या लांब ब्रशने आतून घासावे. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे असेल तर तीव्र सॉल्व्हेंट वापरू नये आणि उकळते पाणीही ओतू नये. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन हवेच्या दाबाने वाळवावे. आत सैल झालेला परंतु न निघालेला तुकडा राहणे हे न धुण्यापेक्षा वाईट, म्हणून बसवण्यापूर्वी प्रत्येक नळीत टॉर्च मारून पाहावे आणि मॅनिफोल्ड हातावर आपटून काही खळखळते का ते ऐकावे.

हेडमधील पोर्ट आणि व्हॉल्व्हच्या पाठी साफ करायच्या असतील तर ज्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत त्याच पोर्टमध्ये रसायन घालावे. इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, इंजिनाच्या फिरण्याच्याच दिशेने फिरवत एकेक सिलिंडर घ्यावा. थोडे रसायन घालून भिजू द्यावे, घासावे आणि उरलेला द्रव व्हॅक्यूमने किंवा सिरिंजने संपूर्ण ओढून घ्यावा. याचे कारण गणितात आहे. सिलिंडर ३१२ घन सेंमीचा आणि कॉम्प्रेशन रेशो १८ च्या आसपास धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा साधारण १८ मिलिलिटरच राहते, म्हणजे चार चमचेसुद्धा नाही. द्रव दाबला जात नाही. तेवढा द्रव आत राहिला आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेन्सर

मॅनिफोल्डवरचा दाबाचा सेन्सर काजळीने बुजलेला असतो. त्यावर इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा, मागे काही न ठेवता उडून जाणारा क्लीनर हलका मारावा, त्याच्या छिद्रात सुई घालू नये. एअर फिल्टरनंतरच्या एअर फ्लो सेन्सरला फक्त त्याच्यासाठीचाच क्लीनर वापरावा, आतील पट्टी किंवा तारेला काहीही लावू नये आणि जोडण्यापूर्वी वीस मिनिटे वाळू द्यावे. कार्ब क्लीनरने हा सेन्सर निकामी होतो.

चालू इंजिनात फवारा

गॅरेजमध्ये डीकार्ब म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा हेच असते, आणि घरी करण्यासारख्या कामांत हेच सर्वांत धोक्याचे आहे. पेट्रोल इंजिनाची चावी बंद केली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. डिझेल इंजिन आत येणारी कोणतीही ज्वलनशील वाफ स्वतःच्या दाबाने पेटवते. त्यामुळे जास्त फवारा गेला तर ते डबाच इंधन म्हणून वापरू लागते आणि चावी बंद केली तरी फेरे चढतच जातात. याला रनअवे म्हणतात. थंडीत गाडी सुरू करण्यासाठीचा ईथरचा फवारा या कामाला कधीही वापरू नये, विशेषतः ग्लो प्लग असलेल्या इंजिनात.

तरीही हा मार्ग निवडायचाच असेल, थर पातळ असेल आणि गाडीला डीपीएफ नसेल किंवा डब्यावर डीपीएफला चालते असे स्पष्ट लिहिले असेल, तर टर्बो डिझेलच्या इनटेकसाठी म्हणूनच बनवलेले उत्पादन घ्यावे. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणावे. फवाऱ्याची नळी इंटरकूलरच्या पुढे, शक्यतो थ्रॉटल बॉडीच्या लगेच आधी घालावी. एअर फिल्टरपाशी मारल्यास सेन्सर बिघडतो, मिनिटाला लाखापेक्षा अधिक फेऱ्यांनी फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर थेंब आदळतात आणि द्रव इंटरकूलरच्या तळाशी साचून नंतर एकदम ओढला जातो. ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बसलेला असावा, त्याने फेरे दोन हजारांच्या आसपास स्थिर धरावेत. दुसऱ्याने एक-दोन सेकंदांचा फवारा मारून फेरे पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबावे. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता फेरे चढू लागले किंवा इंजिनात ठोके ऐकू आले की काम तिथेच थांबवावे. इंजिन सुटलेच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन बंद पडते. हवेचे तोंड सपाट फळीने बंद करणे हा दुसरा उपाय, मात्र तळहात किंवा फडके तिथे कधीही नेऊ नये. ते आत ओढले जाते.

फवारा संपल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मग गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजार फेऱ्यांवर वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. बोरघाट किंवा खंबाटकीसारखा चढ असेल तर उत्तम. सुरुवातीला काळा धूर येईल. म्हणजेच सुटलेला कार्बन आपण ठरवलेल्या वाटेने जात आहे.

टर्बो

७५ अश्वशक्तीच्या १.३ मल्टिजेटमध्ये टर्बो स्थिर रचनेचा आहे, ९० अश्वशक्तीच्या प्रकारात हलत्या पात्यांचा. पहिल्यात कार्बनमुळे अडकण्यासारखे फारसे काही नाही. दुसऱ्यात पाती आणि त्यांना एकत्र फिरवणारे कडे खरपुडीने धरतात, दाब एकतर कमी पडतो किंवा नको इतका वाढतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी स्वतःची ताकद कमी करते. तपासणी सोपी आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला (पाती हलवणारा भाग) व्हॅक्यूमचा हातपंप लावून व्हॅक्यूम वाढवावा. दांडी अडखळल्याशिवाय पूर्ण जायला आणि सोडल्यावर पूर्ण परत यायला हवी. मध्येच थबकत असेल तर पाती धरली आहेत. तत्पूर्वी हवेच्या बाजूची होज काढून टर्बोची दांडी बोटाने हलवून पाहावी. किंचित आडवा हेलकावा असतोच, पण पाते बाहेरच्या कवचाला घासत असेल किंवा दांडी आत-बाहेर सरकत असेल तर साफसफाईचा विषय संपला, टर्बो दुरुस्तीला न्यावा.

पाती नुकतीच धरू लागली असतील तर टर्बोसाठीचा फेस देणारा क्लीनर चालतो. थंड इंजिनात, धुराच्या बाजूचा एखादा सेन्सर किंवा ईजीआरची नळी काढून त्या वाटेने टर्बाइनच्या कवचात मोजका फेस सोडावा, अर्धा-पाऊण तास भिजू द्यावे आणि दरम्यान हातपंपाने दांडी अनेक वेळा मागेपुढे करावी. फेस जास्त झाला तर उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरू शकतो, आणि १८ मिलिलिटरचे गणित इथेही लागू आहे. पुढे कॅटॅलिस्ट किंवा डीपीएफ टर्बोला चिकटून असेल तर हा प्रयोग करू नये. टर्बो काढून साफ करणाऱ्याने कवच वेगळे करण्यापूर्वी दोन्ही भागांवर खुणा कराव्यात, मधल्या बेअरिंगच्या भागात रसायन जाऊ देऊ नये आणि पात्यांची किमान जागा ठरवणारा स्टॉप स्क्रू हलवू नये, कारण तो कारखान्यात प्रवाह मोजून बसवलेला असतो.

टाकीत घालायचे औषध आणि डीपीएफ

डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडते, इनटेक मॅनिफोल्डला किंवा ईजीआरला त्याचा स्पर्शही होत नाही. त्यामुळे टाकीत ओतलेल्या क्लीनरने मॅनिफोल्ड साफ होणे शक्य नाही. त्याचा उपयोग इंजेक्टरच्या टोकापुरता आहे आणि तिथे मात्र तो खरा आहे. डब्यावरच्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवते, आणि टाकीत थिनर किंवा अ‍ॅसिटोन ओतण्याचे घरगुती सल्ले पंपाच्या मुळावर येतात. सलग दोन टाक्यांना औषध दिल्यावर डिझेल फिल्टर बदलावा.

डीपीएफ बीएस ६ पासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत आहे. त्यातली काजळी रिजनरेशनने, म्हणजे फिल्टर मुद्दाम तापवून, जळते, पण इंजिन ऑइलमधल्या धातूच्या क्षारांची राख कोणत्याही तापमानाला जळत नाही आणि रसायनानेही विरघळत नाही. ती काढायला फिल्टर उतरवून उलट्या दिशेने धुवावा लागतो. सक्तीचे रिजनरेशन गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी उभी करून करू नये.

काम झाल्यावर

चालू इंजिनात फवारा मारला असेल किंवा पोर्टमध्ये रसायन घातले असेल तर त्यातले थोडे तरी रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतेच. म्हणून शंभर-दोनशे किलोमीटर चालवून ऑइल आणि फिल्टर बदलावा, आधी बदलून पैसे वाया घालवू नयेत. इंजिन फ्लश हा वेगळा प्रकार आहे. नियमित ऑइल बदललेल्या इंजिनाला तो निरुपद्रवी असला, तरी जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात तो गाळ सोडवतो आणि ऑइल पंपाची जाळी बुजवतो. ऑइल न मिळण्याचा पहिला बळी टर्बो असतो. अशा इंजिनाला साध्या चांगल्या ऑइलचे दोन-तीन लवकरचे बदल अधिक मानवतात. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राख देणारे, एसीईए या युरोपीय मानकातील सी वर्गाचे किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ऑइल घालावे.

ईजीआर कायमचा बंद करण्यासाठी पत्र्याची चकती लावून देण्याचा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो. त्याने मॅनिफोल्ड स्वच्छ राहते हे खरे. पण गाडी ज्या उत्सर्जन मानकावर नोंदवलेली आहे ते मोडते आणि कित्येक गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागून राहतो.

वापरलेले रॉकेल, काळे पाणी आणि जुने ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे माल देणाऱ्या गॅरेजला द्यावे. मळलेली फडकी ढिगाने कोंडून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवावीत.

शेवटी सुरुवातीचेच आकडे पुन्हा घ्यावेत: ईजीआर बंद आणि उघडा असताना स्ट्रोकमागील हवा, चौथ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरचा मागितलेला व मिळालेला दाब, आणि फुल टाकी ते फुल टाकी मोजलेले मायलेज. हे एका वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवावे आणि दर वीस हजार किलोमीटरला पुन्हा मोजावे. ईजीआर बंद असतानाचा हवेचा आकडा पुन्हा उतरू लागला, तर ब्रीदरची नळी आणि टर्बोच्या तोंडाशी येणारे तेल आधी तपासावे, डबा नंतर उघडावा.